जुन्या उळ्यात जीव किती उरला आहे?

निफाड, चांदवड, येवला या भागांत उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकण्याची वेळ आली, की काही घरांत गेल्या वर्षीच्या उरलेल्या बियाण्याचा डबा बाहेर निघतो. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असते आणि पावसाळ्याची दमट हवा लागली, तर वर्षभरातच त्याची उगवण बरीच खालावते. साठवणीतील बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने किंवा तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे. तो उलट्या दिशेनेही तितकाच खरा आहे.

बी म्हातारे होते, तेव्हा पेशींच्या पडद्यांतील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होते, डीएनएचे धागे ठिकठिकाणी तुटतात आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका दुबळ्या होतात. असे बी ओल्या मातीत पडले, की विरलेल्या पडद्यांतून साखर व क्षार बाहेर झिरपतात, त्यांवर बुरशी पोसली जाते आणि उशिरा निघालेला अंकुर पुष्कळदा वर येण्याआधीच कुजतो.

बीज प्रायमिंगचा, म्हणजे पेरणीआधी बी बेताने ओलावून पुन्हा सुकवण्याचा, उपयोग येथे होतो. बी प्रथम भराभर पाणी शोषते, मग हे शोषण जवळजवळ थांबते आणि शेवटी मोड फुटताना पुन्हा वाढते. मधल्या, वरवर निवांत भासणाऱ्या टप्प्यात डीएनएची डागडुजी होते आणि तंतुकणिका पुन्हा कामाला लागतात. प्रायमिंगमध्ये बियाण्याला याच टप्प्यात रेंगाळू द्यायचे आणि मोड फुटण्याआधी सावलीत पसरून मूळ वजनावर येईपर्यंत सुकवायचे असते, कारण एकदा मोड बाहेर आला, की बी सुकणे सोसत नाही. साध्या पाण्यात ही वेळ सहज हुकते. म्हणून संशोधक हायडेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण वापरले, जे बियाण्याला पाणी देते, पण मोड फुटण्याइतके देत नाही. फार जुन्या बियाण्याला एकदम बुडवण्यापेक्षा दमट कापडात हळूहळू ओलावणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण पाणी वेगाने शिरले, तर दुबळे पडदे आणखी फाटतात.

मात्र मेलेले बी कोणत्याही द्रावणाने उठत नाही. म्हणून आधी शंभर बिया ओल्या कागदावर, थंड जागी ठेवून बाराव्या दिवशी मोजाव्यात. प्रमाणित कांदा बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. मोजणी त्याहून थोडी खाली भरली, तर प्रायमिंग करून पाहण्यात अर्थ आहे, वीस-पंचवीसच उगवल्या तर नवे बियाणे आणावे. प्रायमिंग केलेले बीही पुन्हा डब्यात ठेवू नये, कारण ते साठवणीत एरवीपेक्षा लवकर खराब होऊ शकते. सुकले, की लगेच वाफ्यात टाकावे.