गळणारे केस आणि बारीक होणारे केस

गेल्या चार-पाच वर्षांत ज्या ज्या भावंडांनी आणि मित्रांनी मला केसांबद्दल सल्ला विचारला, त्यांतल्या बहुतेकांनी मोबाइल पुढे करून न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांचे छायाचित्र दाखवले. स्वतःच्या टाळूचे छायाचित्र मात्र एकानेही काढलेले नव्हते. सगळा घोटाळा इथेच आहे. मराठीत ‘केस गळणे’ आणि हिंदीत ‘बाल झड़ना’ हा एकच शब्दप्रयोग दोन अगदी निराळ्या घटनांसाठी वापरला जातो, त्यामुळे घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांना दोन्ही भाषा मिळूनही त्यांतला भेद कळत नाही. पहिल्या घटनेत केस गळतात आणि परत येतात. दुसरीत केस दर वेळी आधीपेक्षा बारीक होऊन उगवतात आणि शेवटी टक्कल पडते. मला या दोन्ही गोष्टी तीन वर्षांच्या अंतराने झाल्या. पहिलीवरून मी दुसरीबद्दल चुकीचा निष्कर्ष काढला आणि त्यात दोन वर्षे घालवली.

पहिली घटना बहुतेकांच्या परिचयाची असल्यामुळे ती थोडक्यात सांगतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी 85 ते 90 टक्के कोणत्याही वेळी वाढत असतात आणि ही वाढ 2 ते 6 वर्षे चालते. उरलेल्यांपैकी बहुतेक सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतात. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणे हा हिशेबाचाच भाग आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमारीचे डाएट किंवा लोहाची तीव्र कमतरता यांपैकी काही झाले, की पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 साली या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लूवियम’ हे नाव दिले. मला तेविसाव्या वर्षी श्रावणात विषमज्वर झाला, ज्याला इकडे मोतीझिरा म्हणतात, आणि दिवाळीच्या सुमारास उशीवर, टॉवेलवर, ताटात सगळीकडे केस दिसू लागले. आजीने माझ्या कंगव्यातली गुंतवळ उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि ‘मुळासकट येताहेत रे’ असा निर्वाळा दिला.

हा ‘मुळासकट’ शब्द माझ्या रागाचा पहिला विषय आहे. गळलेल्या केसाच्या टोकाला जो पांढरा ठिपका दिसतो, ते मूळ नव्हे. विश्रांती पूर्ण केलेल्या केसाची ती गाठ असते आणि केस उगवणारी पिशवी त्वचेत जागच्या जागी राहते. पांढरा ठिपका पाहून घाबरण्याऐवजी उलट थोडे निश्चिंत व्हायला हरकत नाही. रागाचा दुसरा विषय बोरिंगचे पाणी. तीन महिन्यांपूर्वीचा ताप कोणाला आठवत नाही, पण नळाला जलूदहून आलेले नर्मदेचे पाणी आहे की कॉलनीतल्या बोरिंगचे, हे प्रत्येकाला पाठ असते. जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, साबणाचा फेस होत नाही; त्वचेतल्या पिशवीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. हेल्मेटवर घेतला जाणारा आळही याच पंक्तीतला.

आजीने जास्वंद, माका आणि ब्राह्मी घालून तेल उकळले. ते मी चार महिने निष्ठेने लावले आणि होळीपर्यंत गळती थांबली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोके पूर्ववत झाले. घरात तेलाचा जयजयकार झाला. वस्तुतः ताप जाऊन काही महिने लोटले, की ही गळती आपसूकच थांबते, त्यामुळे त्या काळात लावलेले तेल, कांद्याचा रस, बायोटिनच्या गोळ्या किंवा बदललेला शाम्पू यांपैकी जे हाताशी असेल त्याला श्रेय मिळते. (बायोटिनबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मोठ्या मात्रेत घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या रक्तचाचणीचा निकाल चुकू शकतो, आणि केस गळतात म्हणून आलेल्या रुग्णाला डॉक्टर जी चाचणी हमखास सांगतात ती हीच.)

आता खरी अडचण. सव्विसाव्या वर्षी राजवाड्यामागच्या आमच्या ठरलेल्या केशकर्तनालयात कारागिराने आरसा मागे धरून म्हटले, ‘भिया, पीछे से जगह दिखने लगी है.’ मी त्याला ठामपणे सांगितले, की माझे केस गळतच नाहीत. ते खरेही होते: उशी स्वच्छ होती, कंगवा स्वच्छ होता. तेविसाव्या वर्षी मुठी-मुठीने केस गेले तेव्हा टक्कल पडले नाही, तर आता काहीच गळत नसताना कसे पडेल, असा माझा बिनतोड वाटणारा युक्तिवाद होता. हाच युक्तिवाद आज मी इतरांच्या तोंडून ऐकतो.

पुरुषी टक्कल ही गळतीची घटना नाही, ती आकसण्याची घटना आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. ज्यांच्या केशकूपांना, म्हणजे त्वचेतल्या त्या पिशव्यांना, त्याची आनुवंशिक संवेदनशीलता असते, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे आणि भोवऱ्याजवळचे कूप दर फेरीत थोडे लहान होत जातात आणि वाढीचा काळही आखडत जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जो कूप आधी चार वर्षे काम करत होता तो पन्नासएक सेंटिमीटरचा केस देऊ शकत होता. पुढे त्याचा काळ वर्षावर, मग काही महिन्यांवर येतो, आणि शेवटी तान्ह्या मुलाच्या अंगावर असते तशी रंगहीन लव तेवढी उरते. कूप अजूनही केस उगवत असतो आणि ते केस गळतही असतात, पण ते इतके आखूड आणि बारीक असतात की जाळीत किंवा उशीवर कोणाच्या नजरेस येत नाहीत. आपल्याकडचा साग दर वर्षी पाने गाळतो आणि त्याची काळजी कोणी करत नाही. काळजी करावी ती दर पालवीला आधीपेक्षा लहान पान धरणाऱ्या झाडाची, मग त्याच्या बुंध्याशी पाचोळा कितीही कमी पडो.

स्त्रियांना वेणी बारीक झालेली हाताला जाणवते. आम्ही पुरुष दर महिन्याला केस कापत असल्यामुळे एखाद्या केसाची वाढ तीन सेंटिमीटरवर थांबते आहे, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे कपाळाच्या कडेला दिसणाऱ्या या आखूड, मऊ केसांना लोक ‘नवे केस’ समजतात. माझ्या आईने तेलाची बाटली हातात असतानाच ते मला उजेडात दाखवले होते आणि आम्ही दोघेही आनंदलो होतो. तापानंतर खरोखर नवे येणारे केस आखूड असले, तरी जाडीला शेजारच्या केसांसारखे असतात आणि महिन्यागणिक वाढताना दिसतात. आकसलेले केस बारीक असतात आणि सहा महिन्यांनीही तेवढेच राहतात. संपूर्ण विषयातला एकच फरक लक्षात ठेवायचा असेल, तर तो हा आहे. आम्ही मावळणाऱ्या केसांना उगवते केस समजून आणखी दोन वर्षे तेल लावत राहिलो.

बाकीचे भेद सोपे आहेत. तापानंतरची गळती डोकेभर सारखी असते. टक्कल कोपरे आणि भोवरा धरून पुढे सरकते आणि मागची व कानांवरची झालर सोडते. टकलाच्या सात पायऱ्यांचा जो तक्ता दवाखान्यांच्या भिंतीवर असतो, तो जेम्स हॅमिल्टन यांच्या कामावरून ओटार नॉरवुड यांनी 1975 साली सुधारून मांडला. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा एकाएकी पडला, तर ती चाई, म्हणजे तिसरीच गोष्ट. टक्कल आईच्या वडिलांकडून येते हे अर्धसत्य आहे. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो, परंतु वडिलांकडूनही बरेच काही येते. मुंडण केल्याने केस दाट होत नाहीत, हे आता लिहावे लागू नये.

दोन वर्षांनंतर मी प्रथम ज्या दवाखान्यात गेलो, तिथे कोणीही भिंगातून डोके न पाहता मला प्लेटलेटच्या (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या कणांच्या) इंजेक्शनांचे सहा बैठकींचे पॅकेज विकण्यात आले. या उपचाराने काहींना लाभ झाल्याचे अभ्यास आहेत, पण तो करण्याची पद्धत जागोजागी वेगळी आहे, आणि निदानाआधी पॅकेज विकणाऱ्याकडून तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा पाहण्याचे भिंग, लावून पडद्यावर माझाच भोवरा मला दाखवला: एकाच जागी जाड, मध्यम आणि लवेसारखे केस शेजारी-शेजारी उभे होते. मागच्या बाजूला सगळे एका जाडीचे. त्यांना माझ्या न्हाणीघराची चौकशी करावीही लागली नाही.

उपचारांच्या बाबतीत हाच घोळ पुन्हा डोके वर काढतो. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने ते डोक्याला लावण्याची कल्पना निघाली आणि 1988 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते विश्रांतीतल्या केसांना लवकर बाहेर ढकलते आणि नव्यांचा वाढीचा काळ लांबवते. साहजिकच पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. मला ती चौथ्या आठवड्यात सुरू झाली, आई हवालदिल झाली, आणि शेजारच्या काकूंनी ‘त्यांच्या भाच्याने याच कारणाने सोडले’ असे सांगितले. त्या भाच्याने औषध नेमके परिणाम सुरू होत असताना सोडले होते. चार ते सहा महिने लावल्याशिवाय त्याबद्दल मत बनवू नये, आणि लाभ झाला तर ते चालूच ठेवावे लागते; सोडल्यावर काही महिन्यांत मिळालेले केस जातात.

परंतु मिनॉक्सिडिल आकसण्याचे कारण दूर करत नाही. ते काम फिनास्टेराइडचे. हे औषध 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत 1992 साली प्रोस्टेटसाठी आले आणि 1 मिलिग्रॅमच्या मात्रेत 1997 साली टकलासाठी. रक्तातले डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ते सुमारे 70 टक्क्यांनी कमी करते. थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होणे किंवा मन खिन्न होणे असे परिणाम दिसतात, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावे आणि मित्राच्या पाकिटातली गोळी उचलू नये. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, आणि ही गोळी चालू असताना रक्तदान करता येत नाही. तापानंतर केस गळणाऱ्याला मात्र या गोळीचा काही उपयोग नाही. त्याला लोह, थायरॉइड आणि आहार तपासून धीर धरायचा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, आणि कित्येकांचे लपलेले टक्कल एखाद्या डेंग्यूनंतरच उघडे पडते. अशा वेळी भिंगाखालचा पुरावाच निवाडा करतो.

दीड वर्षाने माझा भोवरा बऱ्यापैकी भरला. कपाळाचे कोपरे जिथे होते तिथेच थांबले, ते परत आले नाहीत. दर तीन महिन्यांनी एकाच खिडकीत, एकाच कोनातून काढलेल्या छायाचित्रांवरून मी हे सांगतो. आई अजूनही रविवारी सकाळी पोहे झाल्यावर तेलाची बाटली घेऊन बसते आणि मी डोके पुढे करतो. मिनॉक्सिडिल कोरड्या, स्वच्छ त्वचेवर लावायचे असल्यामुळे संध्याकाळी ते सगळे तेल धुऊन काढावे लागते, आणि जाळीत केस अडकतात.