डिले आणि रिव्हर्ब : उशिराचे गणित

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील इफेक्ट पहिल्यांदा उघडणारा माणूस नॉबच्या गर्दीनेच बावरतो. पण फ्लँजर, कोरस, डिले, रिव्हर्ब अशा निरनिराळ्या नावांच्या इफेक्टमागे क्रिया एकच असते : मूळ आवाजाची प्रत थोड्या उशिराने पुन्हा त्याच आवाजात मिसळणे. हा उशीर किती, यावर कानाला काय जाणवणार ते मुख्यतः ठरते.

उशीर १ मिलिसेकंदाचा असेल, तर दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत. ५०० हर्ट्झच्या लहरीला एक आवर्तन पूर्ण करायला २ मिलिसेकंद लागत असल्याने तिची प्रत नेमकी अर्ध्या आवर्तनाने मागे पडते आणि मूळ लहरीला खोडून टाकते. १५०० आणि २५०० हर्ट्झची तीच गत होते, तर १००० आणि २००० हर्ट्झ दुणावतात. म्हणजे वेळेचा नॉब फिरवला आणि बदलला आवाजाचा पोत! फ्लँजर हा अल्प उशीर सतत कमीजास्त करत राहतो, म्हणून त्यात खोडल्या जाणाऱ्या वारंवारता सरकताना ऐकू येतात. उशीर २०-३० मिलिसेकंदांपर्यंत नेऊन किंचित हलता ठेवला, की एकच गायक अनेकांसारखा भासतो, तो कोरस. त्याहून पुढे गेल्यावर प्रत सुटी होऊ लागते, आणि ती तबल्याच्या ‘ना’सारख्या टोकदार बोलात लांबवलेल्या ‘आ’कारापेक्षा फार लवकर उघडी पडते.

सुट्या ऐकू येणाऱ्या प्रतीसाठी लयीचा हिशेब करावाच लागतो. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणून डिले ५०० किंवा २५० वर ठेवल्यास प्रत्येक प्रत लयीत पडते, तर ४३० वर ती वादकाच्या पायात पाय घालते. ख्यालगायनात लय हळूहळू चढत जाते, त्यामुळे सुरुवातीला नीट बसलेला स्थिर डिले थोड्याच वेळात बेताल होतो.

रिव्हर्बमध्ये अशा असंख्य प्रती एकमेकींत मिसळून घुमारा तयार होतो. याचे शास्त्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ नंतर हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात घडवले. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कळेनासे होई. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा काळ हे माप त्यांच्याच कामातून पुढे आले, आणि रिव्हर्बवरील ‘डिके’ किंवा ‘टाइम’ हा नॉब तेच माप दाखवतो. हा आकडा ३ सेकंद असेल, तर घुमारा सेकंदाला २० डेसिबल उतरतो. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली, तर पुढचा स्वर लागेपर्यंत मागच्याचा घुमारा जेमतेम अडीच डेसिबल उतरलेला असतो आणि स्वर एकमेकांत कालवले जातात. डिके १ सेकंदावर आणल्यास हीच घट साडेसात डेसिबल होते. संथ आलापाला मात्र तेच ३ सेकंद शोभतात. तयार सेटिंगमधील भव्य सभागृहाचा मोह द्रुत बंदिशीला बहुधा महागात पडतो, असे माझे मत आहे.

याच इफेक्टमधला ‘प्री-डिले’ हा नॉब अनेक जण हातही न लावता सोडून देतात. तो मूळ आवाज आणि घुमाऱ्याची सुरुवात यांत अंतर ठेवतो. २०-३० मिलिसेकंदांचे अंतर दिले, तर व्यंजने घुमारा येण्याआधी कानावर पडतात, शब्द कळतात आणि गायक जवळ उभा असल्यासारखा वाटतो, मग मागची खोली कितीही मोठी असो.

हे फरक कानाला शिकवायचे, तर एका वेळी एकच नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवावा आणि इफेक्ट चालू-बंद करून ऐकावे. त्यापूर्वी दोन्हींची पातळी सारखी करणे आवश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो आणि रिव्हर्ब मिसळल्यावर एकूण आवाज बहुधा वाढलेलाच असतो.