पायताणाचा घरधंदा (कोल्हापूर)

कोल्हापुरात चपलेला पायताण म्हणतात, आणि ते करण्याचा धंदा चर्मकार कुटुंबांत घरातल्या घरातच वाढला. सुभाषनगर, जवाहरनगर या वस्त्यांत आजही राहते घर हाच कारखाना असतो. विक्री मात्र होते ती शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत.

गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. शेतकऱ्याची पायताणे, मोटेची शिलाई ही त्याची कामे, आणि मोबदला सुगीला मिळणारे धान्य. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (1894–1922) या कारागिरीला उत्तेजन मिळाले. पुढे बलुत्याऐवजी शहरी गिऱ्हाईक आले, तसे घराण्याचे नाव दुकानाच्या पाटीवर चढले.

चामडे कमावण्याचे काम पूर्वापार ढोर समाजाकडे. चुन्याने केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरते; घाई केली तर ते कच्चे राहते. तळासाठी म्हशीचे जाड चामडे, वरच्या पट्ट्यांना पातळ. रापीने कापणे आणि तळ ठोकणे पुरुषांकडे. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी विणणे, पट्ट्यांवर ठसे व भोके पाडून नक्षी उठवणे ही कामे बहुधा बायकांची. अंगठा, कान, पट्टा असे भाग चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडीत खिळा नसतो. हे सगळे पोरे आईबापाशेजारी बसून शिकतात. पायताणाची पारख लोक वेणीच्या बारीकपणावरून करतात, पण वेणी घालणारीचे नाव पाटीवर येत नाही. नुसत्या पाट्या वाचून लिहिलेला या धंद्याचा इतिहास म्हणूनच अर्धा राहतो.

2015 मध्ये महाराष्ट्रात लागू झालेल्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि बैलाचे चामडे मिळणे अवघड झाले. रेक्झिनच्या स्वस्त नकलांनी भाव पाडला तो वेगळाच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे आहे. हे रास्तच झाले, कारण ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जाणारा बराच माल बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीकडच्या घरांत तयार होतो. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच घाटाच्या चपला मूळ न सांगता मांडल्या. टीका झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. इकडे घरी बसून वेणी घालणारीला मजुरी अजून जोडीमागेच मिळते.