श्वान व अश्व यांचे रक्तविकार

कुत्र्याघोड्यांत तांबड्या पेशी वा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटणे, प्रतिकारशक्तीने आपल्याच पेशींवर उलटणे आणि कर्करोग हे तीन वेगळे विकार असले, तरी मालकाला अनेकदा आधी दिसते ती फिकट हिरडी. निरोगी हिरडी अंगठ्याने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. घरच्या घरी होणारी ही तपासणी प्रत्येकाने शिकून घ्यावी.

पुण्यात कुत्रा मलूल झाला, नाकातून रक्त आले, की पहिला संशय गोचिडीवर घ्यावा. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, पलंगाखालीही अंडी घालते. त्यामुळे फ्लॅटमधला कुत्राही सुटत नाही. तिच्या चाव्यातून एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट घसरतात. एरवी त्या मायक्रोलिटरमागे साधारण २ ते ५ लाख असतात. बॅबेसिया हा परजीवी थेट तांबड्या पेशी फोडतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस द्यावे लागते. चौथ्या दिवशी कुत्रा जेवू लागला की गोळ्या थांबवल्या जातात आणि तिथेच घात होतो. जंतू प्लीहेत दडून राहतो.

संसर्ग नसतानाही तांबड्या पेशी फुटू शकतात. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळल्यावरही पेशींचे पुंजके सुटले नाहीत, तर प्रतिकारशक्ती उलटल्याची ती खूण. कॉकर स्पॅनियल जातीत हे जास्त आढळते. उपचार प्रेडनिसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडचा, पण गोचीडताप नाही ना हे पाहूनच.

रस्त्यावरच्या कुत्र्यांतला लैंगिक गाठीचा कर्करोग विलक्षण आहे. येथे विषाणू नव्हे, कर्करोगाची पेशीच समागमातून दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजते. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत सुमारे ५७ ते ६४. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त झिरपणारी ही गाठ पाहून लोक कुत्र्याची आशा सोडतात. खरे तर व्हिन्क्रिस्टीनच्या दर आठवड्याच्या चार-सहा इंजेक्शनांत ती बहुधा पूर्ण विरते. हे औषध निघते आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून. (पाला मात्र खाऊ घालू नये, तो विषारी आहे.) नसबंदीने प्रसार रोखता येतो.

घोड्याचे रक्त फसवते. धावताच किंवा बिथरताच त्याची प्लीहा साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि रक्तक्षय झाकला जातो. म्हणून नमुना सरावानंतर नव्हे, तबेल्यात घोडा शांत उभा असताना घ्यावा. पुण्यात शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात येतो आणि चावऱ्या माश्यांचाही. त्या सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरवतात : चढउतार ताप, पोटाखाली सूज, खंगत जाणे. त्याचा परजीवी ब्रिटिश पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माइल खान (आता पाकिस्तानात) येथे ओळखला.

वरातीच्या पांढऱ्या घोड्यांना, म्हणजे जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढऱ्या होत गेलेल्यांना, उतारवयात शेपटीच्या मुळाशी काळ्या टणक गाठी (मेलानोमा, रंगपेशींचा कर्करोग) येतात. वर्षानुवर्षे त्या दुखत नाहीत, म्हणून साज चढवणाऱ्याच्या हाताला लागूनही दुर्लक्षित राहतात. गाठ हरभऱ्याएवढी असतानाच कापून काढणे सोपे जाते.