आज्जी सात दिवस, आई अर्धा दिवस

नाशिकच्या पंचवटीतला आमच्या घराजवळचा ट्रस्टचा दवाखाना मी लहानपणापासून बघतोय. आधी तो एका जुन्या वाड्यात होता, माडीवर बायकांचा वॉर्ड, खाली पुरुषांचा, आणि चौकात तुळशीवृंदावनाला खेटून केसपेपर काढायचं टेबल. मग शेजारचा वाडा घेतला, स्लॅब पडला, लिफ्ट आली, ऑक्सिजनची पाइपलाइन आली आणि दर वेळी फीत कापताना कोणीतरी भाषणात सांगणार की आता आपल्याकडे इतक्या खाटा झाल्या. खाटा मोजायच्या आणि दवाखाना किती मोठा ते ठरवायचं, असा सगळ्यांचाच हिशोब. माझाही होता.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा हा हिशोब पहिल्यांदा खटकला.

झालं असं की सकाळी आठला आईला नेलं, साडेअकराला ती बाहेर व्हीलचेअरवर बसून चहा पीत होती आणि दुपारच्या जेवणाला घरी. आणि ह्याच दवाखान्यात, वाड्यातल्या त्या माडीवर, आज्जीचं हेच ऑपरेशन झालं होतं तेव्हा ती सात दिवस होती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, आणि सिस्टर रोज विचारणार "आजी, पोट साफ झालं का, कुंथू नका हं". कुंथण्याचा आणि डोळ्याचा काय संबंध असं आम्हा पोरांना फार हसू यायचं.

संबंध होता. तेव्हा डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढायचे, आणि भिंग नऊ-दहा मिलिमीटरचं, म्हणजे त्यासाठी बुबुळाच्या कडेने अर्धा गोल कापायला लागायचा. टाके थोडे, तेही नाजूक. त्यात माणूस जोरात खोकला, कुंथला की डोक्याकडच्या शिरांमधला दाब वाढतो, डोळ्यातला पण वाढतो आणि जखम उसवून आतला जेलीसारखा द्रव बाहेर यायची भीती. म्हणून वाळूच्या पिशव्या. आणि एवढं करून भिंगाच्या जागी काहीच बसवायचे नाहीत, त्यामुळे आज्जीला नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला, त्यातून ती आमच्याकडे बघायची तेव्हा तिचे डोळे केवढे मोठे दिसायचे!

आता गंमत बघा, डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवता येईल हे लक्षात आलं ते लढाऊ विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात कॉकपिटची काच फुटून तिचे तुकडे ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यात गेले. ती काच खरी काच नव्हती, ॲक्रिलिक होतं, आणि हॅरॉल्ड रिडली ह्या लंडनच्या डॉक्टरला दिसलं की हे तुकडे डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा चिडत नाही. १९४९ मध्ये त्याने त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्याच्याच बिरादरीतले मोठमोठे डॉक्टर त्याच्यावर कितीतरी वर्षं तुटून पडत होते. आमच्या ओझरला विमानं बनतात तर मला ही गोष्ट उगाच जवळची वाटते, तेवढंच.

दुसरा धागा चार्ल्स केलमनचा, अमेरिकेतला. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडल्यापडल्या दातावरचं कीटण काढणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून त्याला सुचलं की ह्यानेच भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतलं तर? १९६७ मध्ये त्याने ते करून दाखवलं. आज ती सुईची टोकं सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतात, भिंगाचा चुरा होतो, तो नळीतून खेचला जातो, आणि घडी घातलेलं नवं भिंग त्याच भोकातून आत सोडलं की आपोआप उलगडतं. भोक किती, तर अडीच मिलिमीटरच्या आसपास. ते पण तिरकं, बोगद्यासारखं, त्यामुळे डोळ्यातला दाबच त्याचा आतला पापुद्रा दाबून धरतो, सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह हवेच्या दाबाने बसतो तसा. टाका नाही. म्हणजे ज्या दाबाला घाबरून आज्जीला सात दिवस दगडासारखं पाडून ठेवलं होतं तोच दाब आईची जखम बंद ठेवत होता. हे कळलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं गप्प झालो.

आता खाटांकडे येऊ. आपल्याकडे रविवारी सकाळी मिसळ खायला गेलं की काय होतं? समजा २० टेबलं आहेत आणि माणसं सरासरी अर्धा तास बसतात, तर तासाला ४० टेबलं मिसळ उठते. तीच मंडळी गप्पा हाणत तासभर बसली की २०. मालकाला धंदा दुप्पट करायचा असेल तर एक तर अंगणात अजून २० टेबलं टाकायची, नाहीतर लोकांना निम्म्या वेळात उठवायचं. (पाव संपायच्या आत दुसरा पाव पुढे येतो तो काय नुसता पाहुणचार नसतो.) दवाखान्याचं अगदी हेच आहे. एका वेळी आत असलेली माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचे मुक्कामाचे दिवस. इतकं साधं की ह्याला नियम म्हणायला लाज वाटावी, पण जॉन लिटल नावाच्या अमेरिकन माणसाने १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला आणि त्याच्याच नावाने ओळखला जातो. ५० खाटा आणि पाच दिवसांचा मुक्काम असेल तर रोज १० नवीन पेशंट. मुक्काम अडीच दिवस केला की २०. एक वीट न लावता दवाखाना दुप्पट झाला, फीत कापायला मात्र कोणी येत नाही.

आणि मुक्काम कमी होणं फक्त डोळ्यांपुरतं नाही. पित्ताशय काढायचं म्हणजे पूर्वी बरगडीखाली वीतभर छेद आणि आठवडाभर तरी मुक्काम, १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडियांनी दुर्बिणीतून ते काढायला सुरुवात केली, आता एक-दोन दिवसात सोडतात. हार्ट अटॅक आला की १९५० च्या आधी महिना-दीड महिना पाठीवर पडून राहायची शिक्षा असायची, हृदयाला आराम म्हणून. मग हळूहळू कळलं की पडून राहण्याचाच त्रास जास्त, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, हाडं-स्नायू झिजतात. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस झोपवून ठेवून मोजलं तर पायांचं जवळपास किलोभर मांस उतरलेलं दिसलं. काहीही आजार नसताना! त्यात दवाखान्यातले जंतू, म्हणजे जितके दिवस जास्त तितकी ते चिकटायची संधी जास्त.

पण सगळ्यात जास्त खाटा रिकाम्या झाल्या त्या टीबीच्या. आमच्या देवळालीची हवा कोरडी, चांगली म्हणून तिथे पारशी, गुजराती लोकांची सॅनेटोरियमं उभी राहिली, मुंबईची माणसं हवापालटाला तिथे येऊन महिनोन् महिने राहायची. टीबीचा पेशंट म्हणजे सॅनेटोरियम, चांगली हवा, दूध-अंडी आणि वर्षभर आराम, असंच सगळ्या जगात चालायचं. देशातले टीबीचे पेशंट लाखांनी आणि खाटा हजारांनी, हिशोब कधी जुळलाच नसता. मग १९५० च्या दशकात मद्रासला सरळ प्रयोग केला, निम्म्या पेशंटना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली आणि निम्म्यांना त्यांच्या त्याच दाटीवाटीच्या घरात, त्याच अर्धपोटी जेवणावर ठेवून तीच औषधं. १९५९ ला निकाल आला, दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. घरच्या माणसांना लागण पण जास्त झाली नाही. इथून पुढे जगभर सॅनेटोरियमं बंद पडत गेली. मला वाटतं ह्या देशाने जगाच्या दवाखान्यांना दिलेल्या मोठ्या गोष्टींमधली ही एक आहे आणि शाळेत कोणी शिकवत नाही.

मग मोठी बिल्डिंग बांधायचीच नाही का? तर तसं पण नाही, आणि इथलं गणित मला जास्त आवडतं.

पेशंट काही ओळीने ठरवून येत नाहीत. सोनोग्राफीची एकच खोली धरा, एकाला सरासरी १० मिनिटं लागतात. दिवसातला निम्माच वेळ मशीन चालू असेल तर सरासरी थांबावं लागतं १० मिनिटं. ८० टक्के वेळ चालू असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के, दीड तास. आणि ९५ टक्के झालं की तीन तासांच्या वर! फक्त पाच टक्के वाढले आणि रांग दुप्पट. हे गणित सुरू केलं डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ मध्ये, टेलिफोन एक्सचेंजसाठी. आपल्याला ते द्वारका चौकात रोज बघायला मिळतं, गाड्या थोड्याशाच वाढतात आणि सगळं तुंबतं. म्हणून "आमच्या सगळ्या खाटा कायम फुल असतात" असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला धडकीच भरते, कारण त्याचा अर्थ रात्री दोनला आलेल्या माणसाला जागा नाही.

आणि इथे मोठ्या दवाखान्याचा फायदा कळतो. छोट्या दवाखान्यात रोज सरासरी ९ खाटा लागत असतील तर नुसत्या योगायोगाने हा आकडा तीनेकने वर-खाली होत राहतो, म्हणजे एकतृतीयांश फरक. सरासरी ९० लागत असतील तर चढउतार नऊ-दहाचा, म्हणजे जेमतेम दहा टक्के. वर्गमूळाचा खेळ आहे हा. त्यामुळे वाड्यातल्या त्या दहा खाटांच्या दवाखान्याला दोन-तीन खाटा कायम रिकाम्या ठेवायला लागायच्या नाहीतर लोक परत पाठवायला लागायचे, आणि मोठा दवाखाना त्या मानाने जास्त भरून चालवता येतो. अर्थात सगळे एकदम आजारी पडले तर हे गणित कोलमडतं. गणेशोत्सवाच्या आसपास डेंग्यू सुरू झाला की वॉर्डात जमिनीवर गाद्या येतात त्या ह्यामुळे, आणि २०२७ च्या सिंहस्थात काय होईल त्याचा विचार ज्यांना करायचाय त्यांनी आत्तापासूनच करावा.

बरं, डॉक्टर सकाळी राउंडला "आज घरी जा" म्हणतात तेव्हा खाट रिकामी होते का? आमच्या एका काकांना एका मोठ्या हॉस्पिटलातून सोडलं तेव्हा सकाळी साडेनऊला डिस्चार्ज लिहिला आणि आम्ही खाली उतरलो संध्याकाळी सहाला. फाइल फार्मसीत, तिथून बिलिंगला, तिथून कॅशलेसवाल्यांच्या मंजुरीला, आणि काका कपडे घालून, चपला घालून खाटेवर बसलेले. तेवढ्या वेळात खाली कॅज्युअल्टीत कोणीतरी स्ट्रेचरवर पडून "वर बेड मिळतोय का" विचारत होतं. मग वॉर्डातल्या मावशी येणार, रेक्झिनची गादी जंतुनाशकाने पुसणार, चादर बदलणार, त्याचा अर्धा तास वेगळा. त्यात आपली माणसं पण काही कमी नाहीत, "शनिवारचं घरी नेऊ नका, रविवारी नेऊ" म्हणून एक दिवस खाट अडवणारे मी स्वतः पाहिलेत, आमच्याच घरातले.

आता एक गोष्ट जी ह्या हिशोबात मला बोचते. ट्रस्टच्या दवाखान्यांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ५० खाटा असतील तर पाच मोफत. पण त्या पाच खाटांवर वर्षात किती जण बरे होऊन जातात ते परत मुक्कामावरच ठरतं. गंगापूर रोडच्या माणसाला दुसऱ्या दिवशी सोडता येतं, काही वाटलं तर पंधरा मिनिटात परत येईल. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या बाईला कसं सोडणार? एसटी दिवसातून मोजकी, नव्वदेक किलोमीटर लांब, टाके काढायला परत यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग डॉक्टर समजूतदार असेल तर तो तिला टाके निघेपर्यंत ठेवून घेतो, आणि रजिस्टरमध्ये ती खाट "स्लो" दिसते. म्हणून नुसते दिवस कमी केले म्हणून कोणा दवाखान्याचं कौतुक करायला मी जरा कचरतो, आधी बघावं की त्याच्याकडे येतं कोण.

आणि कमी झालेले दिवस गेले कुठे? घरी आले, दुसरं कुठे जाणार. आज्जीच्या वेळी डोळ्यात औषध सिस्टर घालायची, रात्री पण. आईला घरी सोडलं तेव्हा हातात एक कागद दिला, पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं सहा आठवड्यांचं उतरतं वेळापत्रक, शिवाय दुसऱ्या बाटलीचं वेगळं, आणि दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटं थांबायचं नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुवून काढतो. तो कागद आम्ही फ्रिजला लावला. सहा वेळा म्हणजे जवळजवळ दर अडीच तासांनी घरात कोणीतरी हवं, तर माझ्या बायकोने ऑफिसमधून आठवडाभर सुट्टी काढली आणि मोबाईलवर अलार्म लावले. तिचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अलार्म वाजला तेव्हा आई म्हणाली, "अगं, जेव तरी आधी, औषध दहा मिनिटांनी घातलं तर काही डोळा जात नाही", आणि ती हात धुवून बाटली हलवत म्हणाली, "वर बघा आई, छताकडे."