आरसिंकच्या आधीची पंचवीस वर्षं

कोथरूडच्या आमच्या छोट्या ऑफिसात रोज रात्री सर्व्हरचा बॅकअप आरसिंकने जातो; फाईलचा फक्त बदललेला भाग दुसऱ्या यंत्रावर पाठवणारा हा प्रोग्राम. टर्मिनलवर एकच ओळ. नवी मुलं ती जशीच्या तशी उतरवून घेतात. ती कुठून आली, हे त्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात एफटीपीपासून, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर फाईल पाठवण्याच्या नियमावलीपासून. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण एमआयटीत होते, तेव्हा एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी या नियमावलीचा पहिला मसुदा लिहिला. अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, यंत्रांचं तेव्हा आपसांत काही जुळत नसे. कुणाचा 'वर्ड', म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो डेटाचा तुकडा, ३६ बिटांचा, तर कुणाचा ३२. फाईल हलवण्याची एक समान भाषा ठरली, हे केवढं मोठं काम! पण त्यात पासवर्ड उघडाच जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि तिथल्या तातू युलेनेन यांनी एसएसएच लिहिलं: दूरच्या यंत्राशी सगळं बोलणं कुलूपबंद करून नेणारी वाट. पोर्ट, म्हणजे यंत्रावरचा त्याचा दार-क्रमांक, मिळाला २२; एफटीपीच्या २१ आणि दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटच्या २३ च्या मधला. बर्कलीच्या युनिक्सवरची फाईल कॉपी करायची जुनी आरसीपी आज्ञा या सुरक्षित वाटेवर आली, ती एससीपी.

चोरीचा प्रश्न सुटला, तरी संथ लाइनचा राहिलाच. डायल-अपच्या दिवसांत पुण्यात ज्यांनी रात्र रात्र मोडेमसमोर काढली, त्यांना हे सांगायला नको. फाईल नव्वद टक्क्यांवर यायची, लाइन तुटायची, पुन्हा पहिल्यापासून.

१९९६ मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक आणलं. ज्याच्याकडे जुनी फाईल आहे तो तिचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा पाठवतो: एक झटकन काढता येणारी, एक पक्की. पाठवणारा नव्या फाईलवरून एकेक बाइट पुढे सरकत त्या खुणा जुळवतो. झटपट खूण म्हणजे बाइटांची बेरीजच, म्हणून सरकताना मागचा बाइट वजा करायचा, पुढचा मिळवायचा. बेरीज नव्याने करावी लागत नाही. झटपट खूण जुळली तरच पक्की तपासायची. त्यामुळे फाईलच्या मधे चार अक्षरं घुसली, तरी पुढचं सगळं ओळखू येतं. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

आमच्याकडे पहिल्या रात्री अख्खा डेटा गेला होता. आता रोज फक्त बदललेलं जातं, तेही एसएसएचमधूनच.