कैसरियाच्या ग्रंथालयातला इतिहासकार

इ.स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाडण्याचे आणि शास्त्रग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले, तेव्हा युसेबियस पॅलेस्टाइनमधील कैसरिया या बंदरात राहणारा, चाळिशीच्या आसपासचा अभ्यासक होता. त्याचा गुरू पॅम्फिलस याने तेथे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन याच्या ग्रंथांभोवती मोठे ग्रंथालय उभारले होते आणि पवित्र शास्त्राच्या प्रती ताडून, दुरुस्त करून घेण्याचे काम चालवले होते. पॅम्फिलसला कैद झाल्यावर गुरुशिष्यांनी तुरुंगातच ओरिगेनच्या समर्थनाचा ग्रंथ लिहिला. 310 मध्ये पॅम्फिलसला देहदंड झाला आणि शिष्याने पुढे ‘पॅम्फिलसचा युसेबियस’ असेच नाव लावले.

त्याच्या दहा भागांच्या ‘ख्रिस्तसभेच्या इतिहासा’कडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. प्राचीन ग्रीक आणि रोमन इतिहासकार आपल्या पात्रांच्या तोंडी स्वतः रचलेली भाषणे घालत. युसेबियसने मात्र जुनी पत्रे, फर्माने आणि ग्रंथांतील उतारे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले. 177 च्या सुमारास आजच्या फ्रान्समधील ल्योंच्या ख्रिस्ती मंडळीने आपल्या रक्तसाक्ष्यांविषयी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांविषयी, लिहिलेले हृदयद्रावक पत्र त्याच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचले आहे. पापियास, हेगेसिपस, क्वाद्रातस या दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखकांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले असून, त्यांचे उरलेले शब्द बहुतांशी याच इतिहासात सापडतात. ज्याच्या डोळ्यांदेखत ग्रंथ जाळले गेले, त्याने उतारे जपावेत, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

छळ ओसरल्यावर, 313 च्या सुमारास, तो कैसरियाचा बिशप झाला. ख्रिस्त हा देवपित्याच्या बरोबरीचा नाही असे शिकवणाऱ्या एरियसच्या मतांबाबत मवाळ भूमिका घेतल्यामुळे 325 च्या आरंभी अंत्युखियाच्या सभेने त्याला तात्पुरते बहिष्कृत केले होते, तरी त्याच वर्षी नायसियाच्या बिशपांच्या परिषदेत त्याने एरियसची मते नाकारणाऱ्या श्रद्धासूत्रावर सही केली आणि त्या सूत्रातील शब्दांचा अर्थ आपण कसा लावला, हे आपल्या मंडळीला पत्राने कळवले. सम्राट कॉन्स्टंटाइनविषयीची त्याची भक्ती मात्र इतिहासकाराला शोभणारी नव्हती. इतिहासाच्या शेवटच्या भागात त्याने राजपुत्र क्रिस्पसची स्तुती केली होती. 326 मध्ये सम्राटाने त्याच मुलाला ठार करवले, आणि नंतरच्या ‘कॉन्स्टंटाइनच्या चरित्रा’त क्रिस्पसचे नावही नाही.

भारताचा उल्लेख इतिहासाच्या पाचव्या भागात येतो. आलेक्सांद्रियाचा आचार्य पँटेनस दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात गेला आणि प्रेषित बर्थलमयाने तेथे ठेवलेले, इब्री अक्षरांतील मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले, असे तेथे म्हटले आहे. काही अभ्यासकांनी बर्थलमयाचे कार्यक्षेत्र कल्याण बंदराच्या परिसरात मानले आहे. युसेबियसच्या मजकुरात मात्र कल्याणचे नाव नाही, आणि एरवी मूळ पत्रे पुढे ठेवणारा हा लेखक येथे केवळ ‘असे सांगतात’ एवढेच लिहितो.